पाय बघून वाजवणारे अण्णा

लिंबाजीला कमी ऐकू येतं, त्यामुळे तो सगळ्या जगाशी ओरडूनच बोलतो. त्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते आणि तो दारात येऊन उभा राहिला. सायकल भिंतीला टेकवलीसुद्धा नाही, तशीच रस्त्यात आडवी टाकली. "कुसुमताई, गुरुअण्णा गेला की वं!" एवढ्या मोठ्यानं म्हणाला की समोरच्या माडीवरची बाई कठड्यावरून वाकून बघायला लागली. मी तव्यावरची भाकरी उलटली. का उलटली ते सांगता येणार नाही… हाताला सवय, दुसरं काय. मग विचारलं, "कधी रे?" तर त्याला ऐकू गेलं नाही. कानावर हात ठेवून तो म्हणतो, "आँ?" असला प्रश्न काय माणसानं ओरडून विचारायचा असतो? पण ओरडले. ओरडता ओरडताच रडू फुटलं, आणि लिंबाजीला वाटलं मी त्याच्यावरच चिडले. बिचारा चप्पल काढून पायरीवर बसला आणि डोळे पुसायला लागला. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली, घरभर धूर झाला.

गुरुसिद्धप्पा हे अण्णांचं पूर्ण नाव. पण ते नाव त्यांच्या बायकोला सोडून कुणालाच माहीत नसावं, आणि ती तर काही नाव घेणारी नव्हे. सगळ्या सोलापूरला ते गुरुअण्णा. सात रस्त्याच्या अलीकडे त्यांची स्टोव्ह दुरुस्तीची टपरी होती. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांशी दख्खनी. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात कायम तोच खाकी शर्ट, बोटांना रॉकेलचा वास. संध्याकाळी टपरीला फळी लावली की हातपाय धुऊन आमच्या नाटक मंडळीत वाजवायला यायचे. आणि वाजवायचे म्हणजे काय काय! तबला-डग्गा तर झालाच. शिवाय ढोलकी, संबळ, हलगी, ताशा, खंजिरी, झांजा, पायाला बांधलेले घुंगरू, घोड्याच्या टापांसाठी करवंट्या, विजेच्या कडकडाटासाठी टांगलेला पत्रा. रंगमंचासमोर जमीन खोल करून वादकांसाठी खड्डा केलेला होता. त्यात एका बाजूला ऑर्गनवाले मास्तर आणि उरलेल्या सगळ्या खड्ड्यात एकटे अण्णा. भोवती वाद्यांचा वेढा आणि मधे पाटावर हे. एका ओळीला तबला, दुसऱ्या ओळीला ढोलकी, मधेच पायानं घुंगरू, आणि एका वाद्यावरून दुसऱ्यावर वळताना पाटाचा आवाजसुद्धा यायचा नाही. मास्तर म्हणायचे, "ह्या माणसाला देवानं चार हात द्यायचे ठरवलं होतं, ऐनवेळी दोनच उरले."

आणि हा माणूस भित्रा! इतका भित्रा माणूस मी पुन्हा बघितला नाही. पालीला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे, सात रस्त्यावर रस्ता ओलांडताना कुणाचा तरी दंड धरायचे. दुरुस्त केलेला स्टोव्ह पेटवून बघायचा म्हणजे तोंड फिरवून, डोळे मिटून, हात लांब करून काडी लावायची. गिऱ्हाईक हसायचं. आम्हीही हसायचो. मी तर त्यांना तोंडावर भित्री भागूबाई म्हणायचे. मी पडले मिलमधल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, लेक, तोंडानं फटकळ, आणि वय असं की आपल्याला काही होईल हे मनातसुद्धा यायचं नाही. अण्णा रागवायचे नाहीत. "हसा की," म्हणायचे, "भ्यायला काय पैसं पडत न्हाईत. मी भितो म्हणून माझ्या टपरीत आजवर एक स्टो भडकला न्हाई." आणि खाली मान घालून पिन मारत बसायचे.

दुष्काळाच्या वर्षी आमच्या मालकांनी विहिरीचं नाटक काढलं. नाटक कंपनीचे मालक तेच, लेखक तेच, दिग्दर्शकही तेच, त्यामुळे त्यांना नाही म्हणणारं कुणी नव्हतं. गोष्ट साधी. पाणी भरणाऱ्या एका पोरीवर गाव आळ घेतं, पाणवठ्यावर तिला सगळ्यांदेखत उभं करतं, आणि ती विहिरीत उभी राहून म्हणते, मी खरी असेन तर मला पोटात घे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी विहीर तिला पोटात घेते. तिसऱ्या अंकात विहिरीला पाणी लागतं. बाहेर नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार, दुष्काळी सुकडी घ्यायला रांगा, गावाकडची माणसं खडी फोडायच्या कामावर… आणि आत रंगमंचावर विहिरीला पाणी लागतंय! लोक वेडे झाले. बायका खुर्चीतून उठून हात जोडायच्या. ती पोर म्हणजे मी. मला पोटात घ्यायचं म्हणून मालकांनी रंगमंचाच्या फळ्या कापून एक झाकण बसवलं. वरती विहिरीचा कमरेएवढा कठडा, बांबू आणि रंगवलेल्या कापडाचा, अंगाचा भार घेईल असा नव्हेच. कापड कमी पडलं म्हणून कठडा खालून वीतभर उघडाच राहिला. आत झाकण आणि झाकणाच्या कडेला पायापुरती एक पक्की फळी. मी गाणं म्हणताना एक पाय फळीवर, एक झाकणावर ठेवून ऐटीत उभी राहायचे. गाणं संपलं की दोन्ही पाय झाकणावर, हात छातीशी गच्च. मग झाकण खाली उघडायचं आणि मी सरळ अंधारात. खाली मिलमधल्या कापसाच्या कचऱ्याची पोती टाकलेली असत.

खाली लिंबाजी असायचा. त्याची जवानी मिलच्या मागांच्या खडखडाटात गेली आणि कान तिथंच राहिले. त्याला ना वरचं दिसायचं, ना गाणं धड ऐकू यायचं. पण वाद्यांचा घुमारा फळ्यांतून अंगाला जाणवायचा. म्हणून मालकांनी इशारा ठरवला तो अण्णांच्या हाताचा. संबळ वाजला की लिंबाजीनं झाकणाची खुंटी काढायची. त्यानंतर हलगीची पहिली कडक थाप आली की दोर ओढायचा. खुंटी आत आहे तोवर वर काहीही वाजो, भीती नाही. खुंटी निघाली की मग जी पहिली मोठी थाप येईल ती त्याच्यासाठी दोर ओढायची थाप. पहिल्या तालमीला माझ्याऐवजी एक पितळी कळशी ठेवून बघितली. ती ठेवणाऱ्यानं ठेवली अर्धी फळीवर आणि अर्धी झाकणावर. अण्णांनी हलगी मारली, लिंबाजीनं दोर ओढला, आणि कळशी कलंडून झाकणाच्या आणि फळीच्या मधे अशी दाबली गेली की तिचा गळा चेपून चपटा झाला. आम्ही सगळे हसलो. अण्णा हसले नाहीत. पाटावरून उठले, वर आले, आणि ती कळशी हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. "ह्याच्या जागी पोरीचा पाय असता तर?" म्हणाले. मालक म्हणाले, "तुमच्या तोंडी कधी चांगलं येतच नाही का हो अण्णा?"

त्या दिवसापासून अण्णांनी एक नवीन रीत धरली. खड्ड्यात बसलं की डोळे बरोबर रंगमंचाच्या फळ्यांच्या पातळीला येतात. प्रेक्षकांना आमचे चेहरे दिसत, अण्णांना आमचे पाय. कठड्याखालच्या वीतभर फटीतून माझी पावलं तेवढी दिसायची. दोन्ही पाय झाकणावर आलेले डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते हलगीला हात लावायचे नाहीत. टाळ्या पडोत, शिट्ट्या पडोत, मालक विंगेतून हात हलवोत. हलगीचं चामडं गरम असावं लागतं, गार पडलं की आवाज बसतो. म्हणून मध्यंतरात बाहेर स्टोव्ह पेटवून ते हलगी शेकून आणायचे, आणि नेमकी किती तापवली म्हणजे माझं गाणं संपेपर्यंत टिकेल याचा त्यांना अंदाज आला होता. खेळाआधी मला विचारायचे, "जेवलीस का? चक्कर बिक्कर न्हाई ना येत?" मी म्हणायचे, "अण्णा, पडायचं मला आहे, घाम तुम्हाला का फुटलाय?" खरं सांगते, मला त्या विहिरीची भीती कधी वाटलीच नाही. वाटायला जागाच कुठं होती, सगळी भीती तर त्यांनी घेऊन ठेवली होती.

मग तो रविवार आला. मिलच्या लोकांसाठी दुपारचा खेळ होता. उन्हाळा, वरती पत्रे तापलेले, आत माणूस माणसाला चिकटलेला. दुसऱ्या अंकाचं गाणं असं रंगलं की माझं मलाच भान नव्हतं. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, टाळ्या ओसरल्या. अण्णांनी नेहमीप्रमाणे थांबून, सगळं शांत झाल्यावर संबळ घेतला. संबळ घुमला. खाली लिंबाजीनं खुंटी काढली असणार… आणि त्याच वेळी मागच्या बाकांवरून एक टोळकं उठलं, "वन्स मोअर!" एकानं म्हटलं, मग सगळं थिएटरच म्हणायला लागलं. आता ज्यांनी संगीत नाटकं बघितलीत त्यांना सांगायला नको, वन्स मोअरला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मेलेलं पात्रसुद्धा उठून गातं. मालकांनी विंगेतून हात फिरवला, घ्या. मास्तरांनी ऑर्गनवर सूर धरला. आणि मी, सवयीनं, गाण्याची ऐट म्हणून पाय उचलून फळीवर ठेवला. मालकांनी हौसेनं आणलेले तोडे माझ्या पायात होते. ठेवताना खट्‌ असं काहीतरी झालं, पण मी सूर लावला होता.

पहिली ओळ म्हणून झाली आणि मला कळलं, डग्गा नाही. अण्णांचा डग्गा म्हणजे माझ्या पायाखालची जमीन, आणि ती जमीनच नाही! खाली बघते तर अण्णांचे दोन्ही हात हवेत. कपाळावरची विभूती घामानं ओघळून डोळ्यांत चाललेली. खुंटी निघालेली आहे, आता जी मोठी थाप पडेल तिला लिंबाजी दोर ओढणार, हे त्या सबंध थिएटरात एका माणसाला कळलं होतं. ओरडावं तर लिंबाजीला ऐकू येत नाही. खड्ड्याच्या आणि तळघराच्या मधली फळी ठोकावी तर ठोकण्याचीच तर तो वाट बघतोय. तळघराचं दार पार मागच्या अंगाला. तिथं स्वतः जावं तर खड्ड्यातून हलायला वाव नाही, आणि मास्तरांना पाठवावं तर ते डोळे मिटून ऑर्गनवर रंगलेले. अण्णांनी हात खाली आणले आणि तबल्याच्या नुसत्या काठावर बोटांची टोकं फिरवायला लागले. थाप नाही, घुमारा नाही, झांजा नाही, घुंगरू बांधलेला पाय त्यांनी दुसऱ्या पायाखाली दाबून धरला होता. पिठावरून बोट फिरवावं एवढाच आवाज. आणि नजर माझ्या पायावर. तोंड उघडायचं, मिटायचं. काहीतरी सांगत होते. माझं लक्ष गेलं आणि मी पाय फळीवरून काढायला गेले… तर पाय निघेना. तोडा फळीच्या खिळ्यात अडकला होता.

तेव्हा मला ती चेपलेली कळशी आठवली. गळ्यातून गाणं मात्र चालूच. ते कसं चालू होतं मला माहीत नाही. गाणं थांबवावं तर लोक आरडाओरडा करतील, बाकं वाजवतील, पाय आपटतील, आणि त्यातलाच एखादा दणका खाली ऐकू जाईल. अंतऱ्याला मी विहिरीला नमस्कार करते असं दाखवून वाकले आणि हातानं तोडा ओढायला लागले. वेळ हवा होता. अण्णांना ते दिसलं असावं, कारण लय हळूहळू उतरायला लागली. मास्तरांनी दचकून डोळे उघडले आणि असे वटारले, पण अण्णांनी ऐकलं नाही. बोटं पुढं जातच नव्हती. ओळ संपली तरी सम येत नव्हती, मी आलापात लोंबकळत होते आणि खाली हात तोड्याची कळ फिरवत होता. लोकांना वाटलं काय गायकी आहे! पुढच्या रांगेतला एक म्हातारा मान डोलावून "वा" म्हणाला. मला त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाबा, गप बस, टाळी वाजवू नको, पाय आपटू नको, हलूसुद्धा नको. तोडा तुटला. घोट्याचं कातडं सोललं. पाय झाकणावर आला, हात छातीशी आले, गाणं संपलं. अण्णांनी पायांकडे एकदा बघितलं, हलगी उचलली आणि जीव खाऊन मारली.

हलगी गार पडली होती. धब, एवढाच आवाज आला. खाली काही हललं नाही.

ते जे क्षण होते ना… मी त्यांच्याबद्दल फार बोलत नाही. गच्च डोळे मिटून मी उभी, आता पडणार, आता पडणार, आणि पडत नाही. पायाखाली काय आहे आणि काय नाही याचा पत्ता नाही. थिएटर गप्प. आपलं शरीर आपलं राहत नाही त्या वेळी, सगळा जीव दोन तळव्यांत येतो. मग फाडकन आवाज झाला. अण्णांनी पाटावरून उठून मधल्या फळीवर मूठ हाणली होती. झाकण गेलं, मी पोत्यांवर आदळले. वरून टाळ्यांचा गडगडाट आणि खाली लिंबाजी ओरडतोय, "आज लई उशीर केला की अण्णानं! मला वाटलं संपलं का काय नाटक!"

तिसरा अंक अण्णांनी डाव्या हातानं वाजवला. उजवा मनगटापासून सुजून भाकरीसारखा झाला होता. खेळ संपल्यावर मी रंग न पुसताच त्यांना शोधत निघाले. ते थिएटरच्या मागं कोरड्या नळाशी बसून ओकत होते. पोटात काही नव्हतं तरी ओकत होते. मी पाठीवर हात ठेवला तर दचकले, आणि मला बघून त्यांनी माझा चेहरा नाही, आधी घोटा बघितला. मग लहान मुलासारखे रडले. इतक्यात मालक आले, खूश होऊन. "अण्णा, काय वाजवलंत हो! डग्गा सोडून! आता रोज असंच करायचं." अण्णा उठले. मालकांपुढं मोठ्यानं बोललेलं मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं. "ती विहीर बुजवा मालक. न्हाईतर मी बसणार न्हाई." मालक हसले. विहीर बुजवायची म्हणजे नाटकच बुजवायचं. "तुम्ही नसाल तर दुसरा बसेल," म्हणाले, "ढोलकीवाल्यांचा काय दुष्काळ नाही सोलापुरात."

मला वाटलं अण्णा आता येणार नाहीत. पुढच्या खेळाला मी थोडी आधीच गेले, नवा कोण बसतोय बघायला. तर अण्णा माझ्याही आधी आलेले. खुंटीला हात लावून बघितला, झाकण तपासलं, फळीवरचा प्रत्येक खिळा हातोडीनं आत बसवला, आणि पाटावर येऊन बसले. हाताला फडकं बांधलेलं. मी म्हटलं, "अण्णा, सोडा की हे. कशाला जिवाला घोर? इतकी भीती वाटते तर येऊ नका." ते तबल्याची गादी नीट करत राहिले. मग म्हणाले, "भीती वाटती म्हणून तर यावं लागतं, कुसू. न्हाई आलो तर घरी बसून ती थाप ऐकू येणार मला. दुसऱ्या कुणाच्या तरी हातची. त्यानं तुझा पाय बघितला का न्हाई, मला कसं कळणार?" मी जाऊन रंग लावायला बसले.

नाटक पुढंही चालत राहिलं. पावसाळा येईतोवर चाललं. प्रत्येक खेळाच्या दिवशी अण्णा सकाळपासून जेवायचे नाहीत. टपरी उघडायचे, पण हातून पिना मोडायच्या, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणायचे. थिएटरात आले की आधी खाली जाऊन लिंबाजीला कुशीत कोपर मारून जागा असल्याची खात्री करायची, मग माझ्यापाशी येऊन "पायात काय न्हाई ना?" हा प्रश्न. वन्स मोअर आलं तरी मागं फिरता यावं म्हणून गाणं संपल्यावर संबळ घ्यायला ते इतका वेळ लावायचे की मास्तर वैतागायचे. आणि त्या रविवारनंतर मलाही भीती वाटायला लागली होती. पहिल्यांदा. पडद्यामागं उभी असले की तळव्यांना घाम सुटायचा. पण कठड्याआत जाऊन उभी राहिले, खाली त्या फटीपलीकडे ते दोन डोळे दिसले, की पाय आपोआप झाकणावर यायचे. असं कितीदा झालं. दर वेळी वाटायचं, आज हा माणूस आला नसता तर मी इथं उभीच राहिले नसते.

एकदा अण्णा खरंच आले नव्हते. अंगात ताप होता. मालकांनी पंढरीनाथ नावाचा ढोलकीवाला आणला, चांगला तयारीचा माणूस होता, त्याच्या वाजवण्याला नाव ठेवायला जागा नाही. मी कठड्याआत गेले आणि खाली बघितलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. कौतुकानं बघत होता बिचारा. मी गाणं म्हटलं, आणि संबळ वाजला, आणि माझा फळीवरचा पाय झाकणावर येईना. अडकला नव्हता, काही नव्हतं. येईनाच. मी मान हलवून नाही नाही म्हटलं, आणि मालकांना पडदा पाडावा लागला. त्यानंतर ते नाटक फार चाललं नाही. पाऊस झाला, विहिरीच्या पाण्याचं लोकांना अप्रूप राहिलं नाही, मालकांनी दुसरं काहीतरी हसण्याचं नाटक काढलं. माझं लग्न झालं. अण्णा काही वर्षं वाजवत राहिले, मग तेही कमी झालं.

दोन-चार महिन्यांपूर्वी आमचा स्टोव्ह घेऊन मीच टपरीवर गेले होते. अण्णा खंगलेले, खाकी शर्ट अंगावर दोघांचा वाटावा एवढा ढगळ झालेला. मान वर केली नाही, समोर येऊन थांबलेल्या माझ्या पावलांकडे बघूनच म्हणाले, "कुसू, ये की." मी म्हटलं, "अण्णा, अजून माणसं पायांवरून ओळखता?" तर हसले. हसताना खोकला आला. "चेहरा लबाड आस्तो बाई," एवढंच म्हणाले. स्टोव्ह पेटवून बघायची वेळ आली तेव्हा तोंड फिरवलं, हात लांब केला, आणि मी हसायच्या आत मला म्हणाले, "तू आधी लांब सर." मी सरले लांब. पदर सावरून, रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ती आमची शेवटची भेट, आणि मला ती शेवटची आहे हे कळलंसुद्धा नाही.

त्यांचं सगळं कार्य उरकल्यावर एका दुपारी मी गौराक्कांकडे गेले. गौराक्का म्हणजे अण्णांची बायको. ठेंगणी, काटक, बोलताना मधेच कानडीत शिरणारी. एक खोली, एक स्वयंपाकघर. खोलीच्या कोपऱ्यात वाद्यं तशीच मांडून ठेवलेली, गोल, आणि मधे पाटाची जागा रिकामी. तिथं कुणी बसत नसावं. गौराक्कांनी जमिनीवर सतरंजी अंथरली, चहा ठेवला, आजारपणाचं सांगायला लागल्या. शेवटी शेवटी अण्णा मराठी विसरले होते म्हणे, फक्त कानडी. ताप डोक्यात गेला होता. दिवसभर पांघरुणावर बोटं चालायची, नुसती टोकं, आवाज न करता. मी म्हटलं, "हो, त्यांना सवय होती तशी."

मग गौराक्का म्हणाल्या, "कुसुमताई, तुला एक इचारायचं हुतं बघ. नाटकातली तू, तुला ठाऊक आसंल. जायच्या दिवशी सकाळधरनं एकच घोकणं लावलं हुतं. काल तगी, काल तगी. म्हंजी पाय काढ, पाय काढ. मला वाटलं त्यास्नी पायाला कळ लागली. मी त्यांचा पाय उशीवर ठिवला. तर माझ्यावरच खेकसले की! नंदल्ल, आकीदु म्हंत्यात. माझा न्हाई, तिचा. लई भ्यालते गं… आसे डोळे फाडून खाली बगत हुते जिमिनीकडं. हात वर धरल्याला, खाली काय केल्या आनीनात. मी म्हनलं, हात खाली घ्या, दुकंल. तर मान हलवीत. तसंच गेले बघ, हात वर धरून." पदरानं तोंड पुसून त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "कुनाचा पाय गं? कोन ती?"

मी कप खाली ठेवला. माझा एक पाय सतरंजीबाहेर गेला होता, त्या वाद्यांच्या रिकाम्या गोलाच्या अगदी कडेला लागला होता. मी तो उचलला, आत घेतला, आणि दोन्ही पाय जवळ घेऊन बसले. "घेतला अण्णा," म्हटलं. "घेतला बघा."